जिथे बाज वळत नव्हती

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल दुसरं काही वाचावं, माझी तक्रार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, स्मशान नाही. भर दुपार आहे. वैशाखातलं ऊन आहे. आणि एक सरकारी इमारत आहे.

साल १९७६. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, सगळं परभणीत होतं. कनेरगाव नाक्यावरून आत चार कोसांवर एक गाव लागतं. त्याला मी इथे धामणटाकळी म्हणतो. खरं नाव सांगत नाही, कारण ती इमारत अजून उभी आहे.

ज्यांच्यासोबत हे घडलं ते त्याच गावचे कोंडीबा मिस्तरी माझ्या वडिलांचे सख्खे मामा. जन्मभर गवंडीकाम केलं. आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. भूत, भानामती, उतारा असलं काही आमच्यात चालत नाही. कुणी अशी गोष्ट सांगायला लागलं की कोंडीबा तोंडावर विचारायचे, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. हे सगळं घडून गेल्यावरही त्यांनी मरेपर्यंत 'भूत' हा शब्द तोंडातून काढला नाही. सांगताना त्यांचा आवाज चढायचा. भीतीने नाही, रागाने.

तो राग कशाचा, ते आधी सांगतो.

कोंडीबांची बांधायची एक रीत होती. पाया भरून जोतं झालं की भिंती उचलायच्या आधी ते जोत्यावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायचे. ही भिंत, हे दार, हा बोळ. मग गावातून सुतळीने विणलेली एक रिकामी बाज मागवायचे. चार माणसांनी ती खांद्यावर घ्यायची आणि त्या रेघांमधून चालायचं. दारातून आत, बोळातून खोलीत, खोलीतून परत बाहेर. कुणाचा पाय रेघेवर पडला की ती रेघ पुसायची आणि वीतभर सरकवायची. सगळ्यांचे पाय मोकळे गेले की मगच पहिली वीट बसायची.

लोक हसायचे. मिस्तरीने बाजेची वरात काढली म्हणायचे.

पण त्यात हसण्यासारखं काय होतं? आमच्या भागात अडलेली बाई बाजेवरच येते. साप चावलेला बाजेवरच येतो. जो स्वतःच्या पायाने चालत येतो त्याला दवाखान्याची तेवढी घाईच नसते. घर माणसाच्या अंगाने मापावं, कागदाच्या अंगाने नाही, हे त्या चौथीसुद्धा न शिकलेल्या माणसाला कळत होतं.

जे शिकले होते त्यांना कळलं नाही.

१९७३ साली, दुष्काळात, गावाला दवाखाना मंजूर झाला. बाळंतपणाची खोली असलेला. आजूबाजूच्या सात गावांत आणि तीन तांड्यांत तसं काही नव्हतं. गावाला आनंद झाला. मजुरांना काम मिळालं. कोंडीबांना मुख्य मिस्तरी केलं.

मग ओव्हरसियर जीपमधून निळा नकाशा घेऊन आला.

कोंडीबांना अक्षरं जेमतेम येत, पण नकाशा ते बघताक्षणी वाचायचे. हा वाचताना त्यांचं बोट जागोजाग अडलं. इमारतीचं तोंड गाडीरस्त्याकडे होतं, गाव आणि तांडा दोन्ही पाठीमागे. म्हणजे दुखणाईत माणसाने सगळ्या इमारतीला वळसा घालून यायचं आणि साहेबाच्या जीपने थेट दारात लागायचं. बाळंतपणाची खोली पश्चिमेला, वर पत्रे. दुपारनंतर तिथे भाकरी भाजावी एवढी आच येणार. सोबत आलेल्या बायामाणसांना टेकायला ओसरी नाही. हे सगळं एकवेळ चाललं असतं.

पण तो बोळ.

दारातून आत आलं की साडेतीन फुटी बोळ. तो सरळ जाऊन काटकोनात उजवीकडे वळायचा, आणि वळणाला लागूनच खोलीचं पावणेतीन फुटी दार.

कोंडीबा म्हणाले, "सायेब, हितं बाज वळणार न्हाई."

साहेब म्हणाला, इथे बाज येणारच नाही, स्ट्रेचर येईल. कोंडीबांनी विचारलं, स्ट्रेचर येईपर्यंत काय करायचं? एकदा रिकामी बाज फिरवून तरी बघू, तासाभराचं काम आहे. तेव्हा तो हसला. असले दवाखाने राज्यभर ह्याच नकाशावर होत आहेत, म्हणाला, तुझ्या बाजेसाठी नकाशा बदलायचा का? जमत नसेल तर सांग, दुसरा मिस्तरी बघतो.

दुष्काळाचं साल होतं. कोंडीबांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, चाळीस घरांच्या चुली होत्या. त्यांनी मान खाली घातली. कोंडीबांनी उभ्या आयुष्यात बाज न फिरवता बांधलेली ती एकच इमारत.

स्ट्रेचर तीन वर्षांत आलं नाही.

रूपाबाई आली.

१९७६ च्या माघात. तांड्यावरच्या पेमाची बायको, तिसरं बाळंतपण. सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. पेमा, त्याचा भाऊ हरिचंद आणि आणखी दोघे तिला बाजेवर घालून पळत आले. दवाखान्याची पाठ तांड्याकडे, म्हणून वळसा घालून आले. दारातून आत शिरले. बोळात शिरले. आणि वळणावर बाज अडकली.

पुढचा पाय खोलीच्या चौकटीत गेला, मागचा भिंतीला भिडला. पुढे सरकेना, मागे निघेना. मागची दोघं बोळात, पुढची दोघं चौकटीत चेंगरलेली. नर्सबाई खोलीत, औषध खोलीत, टेबल खोलीत, आणि दारात बुच मारल्यासारखी बाज. मनकर्णा नर्सबाईने बाजेखालून हात घालून रूपाबाईचा हात धरला. तेवढाच हात तिच्यापर्यंत पोचला.

दुपारचे साडेबारा वाजले होते. पंधरा-वीस मिनिटं ते चौघे बाज खांद्यावर धरून तसेच उभे होते.

रूपाबाई तिथेच गेली. पोटातलं लेकरू पण गेलं. टेबल पाच पावलांवर होतं.

कागदावर काय लिहिलं माहीत आहे? 'आणतानाच मृत. नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला.' वरच्या साहेबांनी नर्सबाईकडून तसं लिहून घेतलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

कोंडीबांना हे कळलं तेव्हा ते परगावी कामावर होते. त्यांनी थापी खाली ठेवली आणि दोन दिवस हातात घेतली नाही. साहेबाचा राग होताच. पण साहेबाला पटलं नव्हतं म्हणता येईल. आपल्याला तर ठाऊक होतं... हा राग जास्त होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

महिनाभराने नर्सबाईने त्यांना बोलावलं. बोळातल्या वळणावरचा गिलावा उकरला गेला होता. खांद्याच्या उंचीवर चार बोटं रुंद चर, आतल्या विटा दिसत होत्या. लाकूड घासल्यासारखा. कोंडीबांना वाटलं, त्याच दिवशीचा असेल. सिमेंट लावलं, घोटून गुळगुळीत केलं, घरी आले.

चौथ्या दिवशी पुन्हा निरोप.

चर तिथेच होता. तेवढाच. आणि खाली फरशीवर ताजी भुकटी पडली होती.

कोंडीबा चिडले. कुणीतरी टवाळ पोरं मेलेल्या बाईवरून खेळ करतायत असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा गिलावा केला आणि ठरवलं, ह्यांना पकडायचंच. नर्सबाई म्हणाली, सकाळी काही नसतं, संध्याकाळी काही नसतं. जे होतं ते दुपारी होतं, आणि मी त्या वेळी बाहेर लिंबाखाली जाऊन बसते. हे सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा जेवण करून बोळात येऊन बसले. वळणासमोर, भिंतीला पाठ लावून. हातात बांबूचा दांडका.

बारा वाजले. पत्रे तापून तडतडत होते. बाहेर लिंबावर चिमण्यांचा कलकलाट होता.

मग तो थांबला.

सगळा एकदम. पत्र्याची तडतड सुद्धा थांबली...

आणि इमारतीच्या मागच्या बाजूने पावलं आली. अनवाणी, पळती. भिंतीच्या पलीकडून, तांड्याच्या दिशेने. कोंडीबा कान देऊन ऐकत होते. पावलं वळसा घालून पुढे आली. दाराशी आली.

दार सताड उघडं होतं. दारात पांढरं ऊन होतं. माणूस नव्हतं.

पावलं आत आली.

त्यांच्यासोबत धापा आल्या. ओझं घेऊन पळणाऱ्या माणसांच्या धापा. एकाच्या नाही, चौघांच्या. त्या कोंडीबांच्या समोरून गेल्या, इतक्या जवळून की त्यांनी पाय आखडून घेतले. आणि वळणावर...

खर्रर्र.

कालचा ओला गिलावा त्यांच्या डोळ्यांदेखत उकरला गेला. भुकटी खाली सांडली. मग बाजेची सुतळी करकरली, कुणीतरी कूस बदलताना करकरते तशी. मग काहीच नाही. आत आलेली पावलं बाहेर गेली नाहीत.

कोंडीबा किती वेळ बसून होते ते त्यांनाच माहीत नाही. चिमण्या पुन्हा ओरडायला लागल्या तेव्हा ते उठले. दांडका तिथेच टाकला आणि थेट तांड्यावर गेले.

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. रूपाबाई मेली, ते खरं. पण बाज उचलणारे चौघे तर जिवंत होते. मग ती पावलं कुणाची?

पेमा झोपडीच्या सावलीत बसला होता. उजव्या खांद्याला ओलं फडकं बांधलेलं. कोंडीबांनी विचारलं, काय झालं खांद्याला.

पेमा म्हणाला, काही नाही, दुपारी जड होतो. रोज दुपारी. साडेबाराला सुरू होतो आणि हात वर होत नाही. हरिचंदचा डावा. बाकी दोघांचंही तसंच. शेतात असले तर बसून घ्यावं लागतं. वैद्य झाला, तेल झालं.

मग त्याने खांद्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"मिस्तरी, आमी तिला खाली ठेवलंच न्हाई," तो म्हणाला. "जिती असताना ठेवाया जागा न्हाई भेटली. मेल्यावर उभी करून काढली बाज. खाली कुठं ठेवली? ती खांद्यावरच हाय अजून."

ज्याने ती जागा बांधली त्याने काय उत्तर द्यावं?

ते घरी आले. घरात त्यांची लेक होती.

शकुंतला, एकुलती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा संपत आला होता. पाय सुजलेले. मध्ये एकदा अंगावर लाल दिसलं म्हणून कोंडीबा तिला एसटीने हिंगोलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वार खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडाशी. दिवस भरायच्या आधी पंधरा दिवस इकडे आणून ठेवा. आणि त्याआधीच रक्त सुरू झालं तर हिला उभी करायची नाही, बसवायची नाही, चालवायची नाही. आडवीच न्यायची, पाय उंच ठेवायचे, सलाईन लावायचं.

पाय उंच होणारं टेबल त्या भागात एकच होतं. त्या खोलीत, जमिनीत पक्कं बसवलेलं. आणि तिथे जायला तो बोळ.

रूपाबाईनंतर बायका दवाखान्यात जाईनाशा झाल्या होत्या. साधी बाळंतपणं नर्सबाई घरी जाऊन करायची. पण हे साधं नव्हतं. दिवस भरेपर्यंत काही झालं नाही तर हिंगोली. झालं तर... कोंडीबांनी पुढचा विचार केला की त्यांना घाम फुटायचा.

त्यांनी ओव्हरसियरला गाठलं. म्हणाले, तो कोपरा काढू द्या. छपराचा भार बाहेरच्या भिंतींवर आहे, त्या कोपऱ्यावर काही नाही. मी माझ्या हाताने काढतो, माझ्या खर्चाने नीट करून देतो. एका दिवसाचं काम.

साहेबाने मान वर केली नाही. सरकारी इमारत आहे, म्हणाला. एक वीट हलवलीस तर आत जाशील, आणि सध्या आत गेलेला कधी बाहेर येतो ते कुणाला विचारायची सोय नाही. दिवस आणीबाणीचे होते. तो खोटं बोलत नव्हता.

कोंडीबांनी तरी तीन वेळा अर्ज दिला. एका पोस्टमास्तराकडून लिहून घेतला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्यावर शिपायाने सांगितलं, वरून नकाशा बदलून आला तर बघू. कोंडीबा परत आले, घण आणि पहार काढली आणि दारामागे उभी करून ठेवली. जनकाबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं काहून काढली. त्यांनी घणाचा दांडा ठोकून बघितला.

वैशाखात, दिवस भरायला महिना असताना, सकाळी अकराला शकुंतलाने आईला हाक मारली. अंथरूण भिजलं होतं. लाल.

गावात गडीमाणूस नव्हतं. अर्धं गाव लग्नाला गेलेलं. जनकाबाई म्हणाली, तांड्यावर निरोप धाडा. एक पोरगं कनेरगावला जीप आणायला सायकलवर निघालं, पण जीप यायची म्हणजे तीन-चार तास. तोवर टेबल आणि सलाईन हाच आधार होता. कोंडीबा लेकीजवळ वाकले. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"बा, मला तिथं नेऊ नका," ती म्हणाली. "त्या बोळात नेऊ नका."

"बोळ न्हाई राहणार," कोंडीबा म्हणाले.

घण खांद्यावर, पहार हातात, ते पळत सुटले. साठीला आलेला माणूस. वळसा घालून दारात गेले, नर्सबाईला म्हणाले टेबल तयार ठेवा, आणि पहिला घाव घातला.

भिंत त्यांनीच बांधलेली होती. आणि चांगली बांधली होती, हाच घात झाला. माल कमी करून साहेबाने खाल्ला असता तर दोन घावांत पडली असती. कोंडीबांनी तो खाऊ दिला नव्हता. नऊ इंची वीट, घट्ट सांधे. घण आपटायचा आणि हात झिणझिणायचे. ते घाव घालत होते आणि शिव्या देत होते. साहेबाला, नकाशाला, मुंबईत बसून धामणटाकळीतल्या बाईची वाट आखणाऱ्याला. मग स्वतःला. तुला माहीत होतं, कोंड्या. तुला एकट्याला माहीत होतं.

चर होता तिथून भिंत तडकली. एक वीट निघाली. मग दोन. पहार घालून ते कोपरा उचकटू लागले.

आणि बाहेरचा कलकलाट थांबला...

त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना फक्त पावलं ऐकू आली. अनवाणी, पळती. दारातून आत, बोळातून, थेट त्यांच्या पाठीशी. धापा त्यांच्या मानेवर लागल्या, गरम. आली पोरगी, त्यांना वाटलं. मागे वळून बघायला वेळ नव्हता.

"थांब पेमा," ते म्हणाले. "पाच मिनटं. झालंच."

उत्तर आलं नाही.

मागे चौघे उभे होते. धापा टाकत. ओझं धरून. वाट बघत. कोंडीबा सांगायचे, कुणी कुणाची तशी वाट बघितलेली मी जन्मात पाहिली नाही. पाठीला कळत होतं.

सुतळी करकरली.

कोंडीबांनी पहार खोल घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. कोपरा हलला. वरपासून जोत्यापर्यंत एकदम खाली आला. धुळीने बोळ भरून गेला. ते बाजूला झाले, भिंतीला चिकटले, वाट मोकळी केली आणि म्हणाले, "चला."

धूळ दाट होती. हाताचा पंजा दिसत नव्हता.

मग ती धूळ दुभंगली.

मधोमध एक लांबट जागा स्वच्छ होती, बाजेएवढी. दोन्ही बाजूंना धूळ तशीच लोंबत होती आणि ती मोकळी जागा पुढे सरकत होती. तिच्यात काही नव्हतं. कोंडीबांच्या दंडाला लाकडाची कड घासून गेली, कातडी सोलली. ती जागा वळणावर आली. हळूहळू उजवीकडे फिरली. कुठे अडली नाही. खोलीत शिरली.

आत टेबलाचं लोखंड वजन आल्यासारखं कुरकुरलं.

मनकर्णा नर्सबाई टेबलाजवळ उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि ती टेबलाकडे बघत होती. तिने काय पाहिलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही. पुढे बदली झाली, तेव्हाही नाही.

आणि तेव्हा... बाहेरून, लांबून, जनकाबाईचा आवाज आला. सरका, सरका म्हणत होती. कोंडीबा धुळीतून दाराकडे धावले.

शकुंतलाची बाज आत्ता इमारतीला वळसा घालून येत होती. पुढे पेमा आणि हरिचंद. मागे दुसरे दोघे.

पेमा दारापाशी एक क्षण थबकला. मग आत आला. बाज वळली. विटांच्या ढिगावरून पाय देत चौघांनी ती अलगद टेबलाला लावली, आणि आडवीच्या आडवी पोरगी टेबलावर सरकवली. बाहेर आल्यावर पेमाने उजवा हात वर केला. पुन्हा केला. एक वाजला होता. त्याच्या खांद्यावर काही नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला.

सलाईन लागलं. पाय उंच झाले. जीप तीनला आली. रात्री हिंगोलीत शकुंतलाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी साहेब पोलीस घेऊन आला. सरकारी मालमत्तेचं नुकसान. कोंडीबांना नेलं, सतरा दिवस आत ठेवलं, मारलं. मारल्याचं त्यांना काही वाटलं नाही, असं ते म्हणायचे. ते सुटून आले तेव्हा शकुंतला घरी होती, लेकरू पाळण्यात होतं. सगळं चांगलं होतं. संध्याकाळी तिने बापाला जवळ बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"बा, मला टेबलावर ठेवलं तवा ती आधीच निजली व्हती तिथं."

कोंडीबांनी विचारलं, कोण?

"रूपाबाई. मला बघून सरकली. मला जागा दिली. माझा हात धरून व्हती, जीप येईस्तोर." शकुंतलाने पाळण्याला झोका दिला. "मला न्याया लागले तवा मी म्हनलं, तू बी चल. तर म्हनली, तू जा. मला घ्याया माझी मानसं येतील."

कोंडीबा उठले. तसेच कंदील घेऊन अंधारात दवाखान्याकडे चालत गेले. जाता जाता म्हणाले, आत्ताच्या आत्ता पेमाला घेऊन येतो, बाज घेऊन येतो, तिला बाहेर काढतो.

वळणावर कंदील वर धरला आणि बघत राहिले.

कोपरा बांधून झाला होता. बाहेरगावचा मिस्तरी आणून, नकाशाबरहुकूम, इंचाचा फरक नाही. ते कोठडीत असताना. वर चुना पण देऊन झाला होता.

ती आत असताना भिंत बांधली त्यांनी.

कोंडीबा पुन्हा पहार उचलायला निघाले तेव्हा जनकाबाईने त्यांच्या पायांना मिठी मारली. लेकराकडे बघा म्हणाली. पुन्हा नेलं तर परत येणार नाहीत, हे तिला दिसत होतं. कोंडीबा थांबले. दुसऱ्यांदा मान खाली घातली. त्यानंतर ते चौदा वर्षं जगले आणि त्या इमारतीच्या बाजूने कधी गेले नाहीत. दुपारी बारा ते एक ते घरात दार लावून बसायचे. पेमाचा खांदा पुन्हा कधी दुखला नाही. त्यामुळे त्याला वाटायचं, ती सुटली. कोंडीबांनी त्याला खरं सांगितलं नाही.

मला हे शकुंतलाआत्याने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात मी धामणटाकळीला गेलो. नवा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे झालाय. जुन्यात मोडक्या खुर्च्या आणि खताची रिकामी पोती आहेत. दुपारची वेळ होती, ती मी मुद्दाम निवडली होती. असल्या गोष्टी वाचणारा माणूस मी, मला बघायचंच होतं.

बोळात गेलो. वळणावर उभा राहिलो. भिंत गुळगुळीत होती. खोलीच्या दारावर फळ्या ठोकलेल्या होत्या. मी मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

बाहेरच्या चिमण्या गप्प झाल्या...

फळ्यांच्या पलीकडून बाईचा आवाज आला. रडका नाही, रागीटही नाही. झोपेतून उठल्यासारखा, साधा.

"कोन हाय का बाहेर?"

मी होतो. मी काही बोललो नाही.